निरंक लिहिलेली गल्ली

तुमच्या उंबऱ्याखालून काय जातं, हे तुम्ही कधी कुणाला विचारलंय का?

नसेलच. शेगडीची कळ फिरवली, निळी ज्योत आली, चहा झाला, विषय संपला. त्या ज्योतीच्या मागे, जमिनीत दोन हात खोल एक पाइप असतो. तो गंजला का, तडकला का, हे पाहायला कंपनीनं एक माणूस ठेवलेला असतो. ही गोष्ट त्या माणसाची आहे. त्याला सगळे नाकोबा म्हणायचे, कारण गॅसचा वास त्याला यंत्राच्या आधी येतो अशी त्याची ख्याती होती.

नाकोबा गॅस कंपनीत गस्तीवर होता. निळा गणवेश, हातात कमरेएवढी पोकळ दांडी आणि खांद्याला अडकवलेला एक डबा. दांडीचं टोक जमिनीलगत धरायचं आणि चालायचं. जमिनीतून गॅस येत असेल तर डबा टिकटिक करायचा, काटा हलायचा. म्हणून डब्याचं नाव टिकटिक्या. वाटून दिलेल्या प्रत्येक गल्लीतून दर तीन महिन्यांनी एकदा शेवटच्या दारापर्यंत चालायचं, फॉर्मवर ‘गळती’ या रकान्यात जे असेल ते लिहायचं आणि सही करायची. काही नसेल तर एकच शब्द लिहायचा, निरंक. सव्वीस वर्षं त्यानं हेच केलं. बुटांचे तळ झिजवले, पण एक गल्ली चुकवली नाही.

एक सोडून.

ती गल्ली साठ पावलांची. बारा दारं, आणि पुढे भिंत. मधल्या दारात एका बाईचं इस्त्रीचं दुकान, आणि दुकानाच्या फाटकाशी एक कुत्रं. कुत्र्याचं नाव हवालदार. नावाप्रमाणे तो येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायचा, तीही दातांनी.

नाकोबाला कुत्र्याची भीती जन्मापासून नव्हती, ती कंपनीनं लावली. अकरा वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका गल्लीत एक कुत्रं त्याच्या पोटरीला लोंबकळलं. सात टाके पडले. टाक्यांचं दुखणं महिन्यात गेलं, फलकाचं दुखणं गेलं नाही. डेपोच्या दारात एक मोठा फलक होता, ‘अपघाताविना इतके दिवस’ असं लिहिलेला. आकडा हजाराला टेकला की सगळ्या डेपोला चार दिवसांची भरपगारी सुटी मिळायची. त्या दिवशी आकडा होता नऊशे एक्क्याण्णव. कुत्रं चावलं हाही अपघातच. साहेबानं स्वतः स्टुलावर चढून आकडा पुसला आणि शून्य लिहिलं. पुढं वर्षभर डेपोत जो तो नाकोबाकडं पाहून भुंकायचा. माणसं चावतात ती अशी.

तेव्हापासून त्यानं कुत्र्याबद्दल ब्र काढला नाही. तसा ‘अडथळा’ नावाचा फॉर्म होता, पण तीन अडथळे लिहिले की माणूस गस्तीवरून खोदकामाच्या टोळीत जायचा, आणि पन्नाशीनंतर कुदळ कुणाच्या पाठीला मानवते? म्हणून हवालदार फाटकात आला त्या दिवसापासून नाकोबा गल्लीच्या तोंडाशी थांबायला लागला. दांडी वाऱ्यावर धरायची, मनातल्या मनात साठ पावलं मोजायची, आणि लिहायचं: निरंक. चार वर्षं, सोळा फॉर्म, सोळा सह्या. भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात, त्यातली गत. आवरायला सांगायचीही चोरी.

आता आयोगाचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

शहरात गॅसची कंपनी एकच. आवडली नाही म्हणून दुसरीकडे जायची सोय नाही. गिऱ्हाईक म्हणजे दावणीला बांधलेलं जनावर. म्हणून सरकारनं कंपनीच्या डोक्यावर एक आयोग बसवलाय. दर वाढवायचे, जुना पाइप बदलायचा, किंवा बदलायचं पुढं ढकलायचं, तर कंपनीला आयोगाच्या दारात अर्ज घेऊन उभं राहावं लागतं. आयोग पेपरात नोटीस देतो, लोकांच्या हरकती मागवतो, समोरासमोर सुनावणी घेतो आणि मग हुकूम काढतो. नोटीस मुंगीच्या अक्षरात येते, पण येते. आणि हरकत साध्या कागदावर खरडलेली असली तरी आयोगाला ती वाचावीच लागते. हे फार लोकांना माहीत नसतं, आणि ते तसंच राहावं अशी कंपनीची मनापासून इच्छा असते.

त्या साली कंपनीनं अर्ज केला. जुन्या वस्तीतले बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, पाइप बदलायची मुदत संपत आली होती. कंपनी म्हणाली, आणखी पाच वर्षं द्या, पाइप ठणठणीत आहेत, दर तिमाहीला गस्त होते, हे घ्या फॉर्म. जाहीर नोटिशीवर सगळ्या वस्तीतून एकच हरकत आली, इस्त्रीवालीची. कपडे गुंडाळायला आणलेल्या रद्दीत तिनं ती नोटीस वाचली होती. तिनं लिहिलं की गल्लीत अधूनमधून वास येतो, कंपनीला दोनदा फोन केला तर गटाराचा वास असेल म्हणाले, आणि चार वर्षांपूर्वी इथं दुकान टाकल्यापासून गस्तवाला म्हणून कुणी माणूस आपण पाहिलेला नाही.

कंपनीच्या वकिलानं नाकोबाला बोलावून घेतलं. वकील तरुण, गोड बोलणारा. त्यानं सोळा फॉर्म टेबलावर पत्त्यांसारखे पसरले. म्हणाला, काका, तुमच्याइतका स्वच्छ रेकॉर्ड कुणाचा नाही, तुम्हीच आमचे साक्षीदार. आयोगापुढं शपथ घ्यायची, सही माझी आहे म्हणायचं, गल्ली चाललो म्हणायचं, बस.

नाकोबाच्या पायाखालची जमीन सरकली. निवृत्तीला सात महिने उरले होते. खोटं लिहिलं हे कबूल केलं तर नोकरी जाणार, आणि शपथेवर खोटं बोललो तर कदाचित तुरुंग. घरी आला तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रस्त्यात कुणी हाक मारली तरी दचकायचा. बायकोनं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी ताट मागं ओढून विचारलं. तेव्हा सगळं भडाभडा बाहेर आलं.

तिनं ऐकून घेतलं. ती एका शाळेत शिपाई होती, खोटं बोलणारी पोरं तिनं शेकड्यांनी पाहिली होती.

“अहो, तुम्ही शपथेला भिताय, साहेबाला भिताय, कुत्र्याला भिताय,” ती म्हणाली. “त्या गल्लीत खरंच गॅस असला तर, याची भीती कुठंय?”



“सोळा वेळा न चालता लिहिलंत. आता एकदा न लिहिता चालून या. कुत्रं चावलं तर टाके मी मोजीन.”

सुनावणी दुपारी दोनला होती. सकाळी नऊला नाकोबा गल्लीच्या तोंडाशी उभा. एका हातात दांडी, दुसऱ्या हातात बायकोची छत्री, खिशात कुत्र्यासाठी पाव. रणांगणावर जाणारा शिपाई असाच दिसत असेल, फक्त त्याच्या खिशात पाव नसेल.

पहिलं दार. दुसरं. तिसरं. टिकटिक्या गप्प. फाटक जवळ आलं तसा त्यानं छत्रीचा दांडा घट्ट धरला. फाटकाशी मातीत एक गुळगुळीत खळगा होता, हवालदाराची वर्षानुवर्षांची बैठक. खळगा रिकामा. कुत्रं समोरच्या बाजूला, परक्याच्या पायरीखाली पडलेलं. त्यानं एक डोळा उघडला, छत्रीकडं पाहिलं आणि मिटला.

नाकोबाला हायसं वाटलं. तेवढ्यात नाकाला वास लागला, आणि दांडीचं टोक खळग्यावर येताच डबा टिकटिकला. आधी सुटासुटा, मग तव्यावर लाह्या फुटाव्यात तसा. काटा सरकत सरकत तांबड्या पट्ट्यात गेला आणि तिथंच चिकटला.

 सव्वीस वर्षांत काटा तांबड्यात त्यानं तीनदा पाहिला होता, आणि तिन्ही वेळा रस्ता मोकळा होता, आसपास घर नव्हतं. इथं दोन हातांवर उंबरा होता. खळग्यात आला तेवढा गॅस वर निघून गेला, पण जमिनीखालून घराच्या पायात किती गेला असेल, ते यंत्र सांगत नव्हतं.

दुकानातून इस्त्रीवाली बाहेर आली. चाळिशीची, बाह्या वर सारलेल्या, हातावर जुन्या भाजल्याच्या खुणा. त्याच्याकडं तिनं पाहुण्यासारखं पाहिलं. सोळा सह्यांच्या माणसाला ती ओळखत नव्हती.

“कंपनीचे का? बरी आठवण झाली,” ती म्हणाली. मग त्याची नजर कुत्र्याकडं गेलेली पाहून हसली. “त्याला भिऊ नका भाऊ. आठ महिने झाले, तो आपली जागा सोडून तिकडं जाऊन बसतो. म्हातारा झाला, दुसरं काय.”

नाकोबाला कळलं, कुत्रं म्हातारं झालेलं नव्हतं. ज्या नाकाची शहरभर ख्याती, ते नाक गल्लीच्या तोंडाशी थांबलं होतं. आणि ज्याला भिऊन थांबलं, त्यानं आठ महिन्यांपूर्वीच जागा सोडून जमेल तसा निरोप दिला होता.

“ताई, आज काही पेटवू नका,” तो म्हणाला.  “इस्त्री नको, शेगडी नको. खिडक्या उघड्या ठेवा.”

“का?”

“नुसतं ऐका.”

ती काही क्षण त्याच्या हाताकडं पाहत राहिली. हात थरथरत होता. मग आत गेली.

इथं नाकोबानं जे करायला हवं होतं ते केलं नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. नियम असा की काटा तांबड्यात गेला की गल्ली रिकामी करायची आणि आणीबाणीच्या नंबरावर फोन करायचा. त्यानं फोन साहेबाला केला.  साहेब म्हणाला की आणीबाणीला फोन झाला की त्याची नोंद होते, आणि आज दोनला सुनावणी आहे. तू तोंड बंद ठेव, मी टोळी गुपचूप पाठवतो. नाकोबाला तेवढंच ऐकायचं होतं. भित्र्या माणसाला कुणीतरी ‘मी बघतो’ म्हणालं की तो बघणं सोडून देतो.

सुनावणीची खोली म्हणजे एक लांबट दालन. समोर उंच टेबलामागं आयोगाच्या अध्यक्षबाई, पांढरे केस, चष्मा साखळीला अडकवलेला. त्यांच्या शेजारी आयोगाचा स्वतःचा इंजिनियर, कंपनीचे आकडे तपासायला ठेवलेला. एका बाजूला वकील आणि साहेब, दुसऱ्या बाजूला बाराचौदा खुर्च्या, त्यात एकटी इस्त्रीवाली. ती कडक इस्त्रीची साडी नेसून, मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती. नाकोबा तिच्या मागच्या रांगेत. त्यानं वाकून हळूच विचारलं, टोळी आली होती का? ती म्हणाली, कुठली टोळी? मी साडेबाराला निघाले, चिटपाखरू नव्हतं. घरी आता सासूबाई एकट्याच आहेत. मग कौतुकानं म्हणाली, “ऐकू येत नाही, पण चारच्या ठोक्याला चहा लागतो बघा. घड्याळ लावून घ्यावं.”

नाकोबानं भिंतीकडं पाहिलं. अडीच.

त्यानं साहेबाला खूण केली. साहेबानं हातानं ‘होईल’ असं केलं आणि मान फिरवली.

तिथून पुढं नाकोबाला घड्याळाशिवाय काही दिसलं नाही. वकील अर्ज वाचत होता, तक्ते दाखवत होता, आणि काटा सरकत होता. तीन वाजले. दर वेळी बाहेर गाडीचा हॉर्न वाजला की तो दाराकडं पाहायचा. त्याला दिसत होती एक बहिरी म्हातारी, शेगडीपाशी, आणि तिच्या पायाखालची फरशी.

सव्वातीनला इस्त्रीवाली उभी राहिली. जे लिहिलं तेच सांगितलं. वकिलानं आदबीनं विचारलं की तुमचं कुत्रं परक्यावर भुंकतं ना? भुंकतं, ती म्हणाली. म्हणजे चार वर्षांत शेकडो वेळा भुंकलं असेल, त्यातलं कुणावर आणि कधी, याची डायरी कुत्र्यानं ठेवलीय की तुम्ही? साहेब मोठ्यानं हसला. मग त्यानं सोळा सह्या दाखवल्या आणि विचारलं, हा सव्वीस वर्षांच्या नोकरीचा माणूस खोटारडा, आणि खऱ्या तुम्ही? ती बसली. तिच्या मानेच्या मागचा भाग लाल झालेला नाकोबाला दिसत होता. खोटारडा तिच्या मागंच बसलेला होता.

त्याचं नाव पुकारलं तेव्हा तीन चाळीस झाले होते.

तो पुढं गेला. कारकून शपथेचा कागद घेऊन आला. नाकोबानं तो हातात घेतला नाही. वकील हसून म्हणाला की काका जरा घाबरलेत.

“शपथ नंतर घेतो, बाई,” नाकोबा अध्यक्षबाईंना म्हणाला. “आधी त्या गल्लीत कुणाला तरी पाठवा.”

साहेब उठून उभा राहिला, माणसाची तब्येत बरी नाही म्हणायला लागला. अध्यक्षबाईंनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी नाकोबाला एकच विचारलं, तुम्ही काय पाहिलंत?

“काटा तांबड्यात. आज सकाळी नऊला. यांच्या फाटकाशी.” मग म्हणाला, “त्याआधी कधी पाहिलाच नाही. सोळाही सह्या गल्लीच्या तोंडाशी केल्यात. आत गेलोच नाही. चार वाजता आजी शेगडी पेटवणार आहेत.”

इंजिनियर तोपर्यंत अग्निशामक दलाला फोन लावत दाराशी पोचला होता. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि साहेबाला सांगितलं की त्या वस्तीचा व्हॉल्व्ह आत्ता बंद करायचा, फोन इथून, माझ्यासमोर लावायचा. साहेब म्हणाला, वरून परवानगी लागेल.

“वर कोण आहे?” त्यांनी विचारलं. “या खोलीत तरी मीच आहे.”

साहेबानं फोन लावला.

इस्त्रीवाली तोपर्यंत जिन्यावर होती. नाकोबा तिच्या मागं धावला, कागद तसाच कारकुनाच्या हातात. रिक्षात दोघं एकमेकांकडं न पाहता बसली. अर्ध्या वाटेत तिनं पर्स उघडली आणि आतली काडेपेटी काढून दाखवली. घरात तेवढी एकच. सकाळी त्याचा हात थरथरताना पाहिला आणि का कोण जाणे, ती उचलून पर्समध्ये टाकली होती.

नाकोबाला रडू आलं. पण काडेपेटी नाही म्हणून चहा सोडणारी माणसं वेगळी, आणि या सासूबाई वेगळ्या. दोघं गल्लीत पोचली तेव्हा अग्निशामक दलाची गाडी तोंडाशी आडवी लागली होती आणि दोन जवान म्हातारीला दंडाला धरून बाहेर आणत होते. तिच्या हातात रिकामं पातेलं होतं आणि तोंडाचा पट्टा चालू होता. काडेपेटी मागायला ती दारोदार फिरली होती. पहिली दोन दारं बंद. तिसऱ्या दारातली बाई तिला काडेपेटी देतच होती, तेवढ्यात गाडी आली.

चार वाजून सहा मिनिटं झाली होती. नाकोबा मटकन रस्त्यावरच बसला. दुसरीकडून हवालदार आला, त्यानं त्याच्या खिशाचा वास घेतला आणि सकाळचा पाव काढून खाल्ला.

खोदल्यावर बिडाच्या पाइपाचा सांधा उललेला निघाला. फटीत नख जात होतं. आयोगानं महिन्याभरात हुकूम दिला: मुदतवाढ नाही, पाइप याच वर्षी बदला, आणि तोवर दर महिन्याला गस्त. त्या हुकमातलं एक कलम अध्यक्षबाईंनी स्वतः घातलं असं म्हणतात. गस्तीच्या फॉर्मवर गस्तवाल्याच्या सहीखाली त्या गल्लीत राहणाऱ्या एका माणसाची सही हवी, तीही शेवटच्या दारातल्या माणसाची.

नाकोबाचं काय झालं? कंपनीनं खोट्या नोंदींसाठी त्याला घरी बसवलं, सात महिने उरलेले असताना. आयोगाला ते अडवता आलं नाही. आयोग कंपनीला जाब विचारू शकतो, पण कंपनी आपल्या दारातून कुणाला हाकलते, ते त्याच्या हातात नाही. साहेबाची बदली झाली, बढतीवर. आणि डेपोच्या फलकावरचा आकडा त्या दिवशीही एकानं वाढला. अपघात झालाच नव्हता ना.

नाकोबा अजून भितो. भीती काही गणवेशाबरोबर जमा करता येत नाही. दर गस्तीच्या दिवशी तो त्या गल्लीच्या तोंडाशी येतो आणि नवा पोरगेला गस्तवाला आत जातो की नाही ते पाहतो. नवा पाइप पडल्यावर हवालदार आपल्या खळग्यात परत आलाय आणि पूर्वीसारखा भुंकतो. मग इस्त्रीवाली बाहेर येते, त्याचा पट्टा धरते आणि ओरडून सांगते, “या भाऊ, धरलाय मी.” तेव्हाच तो पोरगेला गस्तवाला, नाकोबा आणि ती, तिघं मिळून शेवटच्या दारापर्यंत जातात.

तुमच्याकडं एवढंच मागणं आहे. हातात पोकळ दांडी घेतलेला माणूस तुमच्या गल्लीच्या तोंडाशी दिसला, तर कुत्रं बांधा, चप्पल घाला आणि त्याच्याबरोबर शेवटच्या दारापर्यंत चाला. आणि तो दिसलाच नाही, तर एक साधा कागद घ्या आणि आयोगाला लिहा. आजच लिहा.